जरा वाजवून बघ

टिकाऊ वस्तू पारखण्याच्या बाबतीत आमच्या सोसायटीत मला थोडाफार मान आहे. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत नाही, म्हणून एवढ्या एका मानाला मी फार जपतो. कोणाला कुकर घ्यायचा असो, गच्चीवरची पाण्याची टाकी असो की लोखंडी कपाट असो, माणसं मला बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत बरोबर घेऊन जातात. माझी पद्धत साधी आहे. वस्तू हातात घ्यायची, वजन बघायचं, बोटाच्या पेराने वाजवायची, चार वेळा उघडझाप करायची, उलटी करून बुडाकडे बघायचं आणि मग दुकानदाराला विचारायचं, "किती वर्षं टिकेल?" तो म्हणतो, "साहेब, नातवाला वापरता येईल." मग वस्तू खाली ठेवून दाराकडे दोन पावलं चालायचं. पुढचं आपोआप होतं. आमच्या घरातला टेबलफॅन १९७८ सालचा आहे. तो आता मान फिरवत नाही, पण वारा देतो. मान आम्ही फिरवतो.

हे सगळं सांगायचं कारण असं, की २०२४ च्या मे महिन्यात माझ्या या विद्येची परीक्षा झाली, आणि ती झाली अलास्कात.

आमची कन्या तिकडे नद्यांतले मासे मोजते. मासे मोजणं हा पगारी उद्योग असू शकतो हे आमच्या हिला अजून पुरतं पटलेलं नाही. पण अलास्कात सॅमन मासा उन्हाळ्यात समुद्रातून उलटा नदीत चढतो, आणि किती चढला यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. तेव्हा कोणीतरी काठावर बसून मोजायला हवंच. अडचण एवढीच की माशांवर नजर ठेवून असलेली आमची कन्या एकटी नव्हे. अलास्कात तपकिरी अस्वलं सुमारे तीस हजार. किनाऱ्याकडचा मोठा नर पाचशे किलोच्या पुढे जातो आणि मनात आणलं तर तासाला पन्नास किलोमीटरच्या वेगाने धावतो. ज्या आठवड्यात, ज्या वळणावर कन्येची मोजणी, त्याच आठवड्यात, त्याच वळणावर अस्वलांची पंगत.

आम्ही दोघं अँकरेजला पोचून तीन दिवस झाले होते. रात्रीचे दहा वाजले होते आणि खिडकीत लख्ख ऊन होतं. अशा उजेडात जांभई द्यायचीसुद्धा लाज वाटते.

"बाबा, उद्या माझ्याबरोबर दुकानात येता?" कन्या म्हणाली. "एक वस्तू घ्यायची आहे. टिकाऊ हवी, आणि ऐन वेळी दगा न देणारी हवी."

मी ताठ बसलो. तीन दिवसांत डिशवॉशरमध्ये ताट कसं उभं करायचं हे शिकण्यापलीकडे मला कोणी काही काम दिलं नव्हतं.

"कोणती वस्तू?"

"रिव्हॉल्व्हर. चव्वेचाळीस मॅग्नम."

ही स्वेटर विणत होती. तिने टाके मोजायचं थांबवलं नाही. ओळ पुरी केली, सुई बदलली आणि म्हणाली, "ते ठेवायचं कुठे? देवाच्या फळीवर नको."

मग कन्येने समजावून सांगितलं. गेले दोन उन्हाळे तिच्याजवळ एका वयस्क सहकाऱ्याचं रिव्हॉल्व्हर असायचं. ते गृहस्थ निवृत्त होऊन उबदार मुलखात राहायला गेले आणि वस्तू बरोबर घेऊन गेले. आता स्वतःचं घ्यायला हवं. अस्वलाला हुसकावायचे पहिले उपाय वेगळेच असतात आणि रिव्हॉल्व्हर अगदी शेवटचा, हेही तिने सांगितलं. पण 'शेवटचा उपाय' हे शब्द आईबापांच्या कानाला काही फारसे गोड लागत नाहीत.

आता आमच्या घराण्यात शस्त्र म्हणजे दसऱ्याला पाटावर मांडतात ते. एक पक्कड, दोन स्क्रू-ड्रायव्हर, विळी आणि आजोबांचा अडकित्ता. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवायचा तर निम्मं आयुष्य पोलिस आयुक्तांच्या कचेरीत जायचं, आणि मिळालाच तर साधारण माणसाच्या वाट्याला येतं ते .३२ चं रिव्हॉल्व्हर. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांना पर्समधून नेता यावं म्हणून 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं, तेही .३२ च. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी हिशेब केला होता, की एवढ्या पैशात पर्स हिसकावणाऱ्यालाच महिना पगार लावता येईल.

पण वस्तू म्हणजे वस्तू. कुकर पारखणाऱ्याने रिव्हॉल्व्हर का पारखू नये? दोन्हींत दाब असतो, दोन्ही फुटली तर आपल्याच तोंडावर फुटतात. रात्रभर कन्येच्या संगणकावर बसून मी अभ्यास केला. रात्र नव्हतीच, त्यामुळे जागरणही लागलं नाही.

'मॅग्नम' हा शब्द बंदूकवाल्यांनी शॅम्पेनवाल्यांकडून उचलला हे मला त्या रात्री कळलं. नेहमीच्या बाटलीच्या दुप्पट, म्हणजे दीड लिटरची बाटली, ती मॅग्नम. त्यावरून नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेलं काडतूस तेही मॅग्नम. दोन्हीकडे दारूच, फक्त वेगळी. आधी इंग्रज रायफलवाल्यांनी हे नाव वापरलं. रिव्हॉल्व्हरात ते आणलं स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३५ साली, .३५७ मॅग्नम काढून. पहिलं रिव्हॉल्व्हर त्यांनी एफबीआयच्या हूवरसाहेबांना दिलं. धंदा कसा करावा हे त्यांना शिकवायला नको. पुढे आयडाहो राज्यात एल्मर कीथ म्हणून एक गुरंढोरं पाळणारा गृहस्थ होता. तो वर्षानुवर्षं जुन्या .४४ स्पेशल काडतुसात ठासून दारू भरायचा आणि कंपन्यांना पत्रं पाठवायचा, की असं तयार काडतूस काढा. चिकाटी पुणेरी म्हणावी अशी. १९५५ साली .४४ मॅग्नम तयार झालं.

या दोन्ही वेळी एक गोष्ट मुद्दाम केली गेली, ती मला फार आवडली. नव्या काडतुसाची नळी जुन्यापेक्षा सुमारे एक अष्टमांश इंच लांब ठेवली. का? तर जास्त दारूचं नवं काडतूस चुकूनसुद्धा जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरात बसू नये. उलट जुनं सौम्य काडतूस नव्यात खुशाल बसतं. म्हणजे सरावाला साधं वापरावं आणि कामाला मॅग्नम. (त्या '.४४' चा खरा व्यास मात्र ०.४२९ इंच. मापात पाप सगळीकडेच.)

१९७१ साली 'डर्टी हॅरी' चित्रपटात क्लिंट ईस्टवुडने हेच .४४ मॅग्नम रोखलं आणि अमेरिकेत त्याला एकाएकी मागणी आली. मीही तो पुण्यात अलकाला पाहिला होता आणि आठवडाभर डोळे बारीक करून चालत होतो. तेव्हा ते जगातलं सर्वांत जोरकस म्हणून मिरवत होतं. आता तसं राहिलेलं नाही. २००३ साली .५०० मॅग्नम आलं. माणसाचं समाधान कशात नाही.

दुकान ऐसपैस होतं. दाराशीच पेंढा भरलेलं एक तपकिरी अस्वल मागच्या दोन पायांवर उभं केलं होतं. काउंटरमागे पांढऱ्या दाढीचे, गळ्यात चष्मा लोंबणारे आजोबा. चेहरा बोहरी आळीतल्या शेटजींसारखा. फक्त गादीच्या जागी उंच स्टूल. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आजोबांनी एक रिव्हॉल्व्हर काढलं. सिलिंडर बाजूला उघडून सहाही भोकं रिकामी आहेत हे आधी स्वतः पाहिलं, मग कन्येला दाखवलं आणि तसंच उघडं तिच्या हातात दिलं. (सिलिंडर म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं. आमच्या घरात सिलिंडर गॅसचा. नंबर लावून मिळतो.) मीही सवयीने हात पुढे केला.

आजोबांनी अतिशय नम्रपणे विचारलं, "सर, आपण कोणत्या व्हिसावर?"

"पर्यटक."

त्यांनी मान हलवली आणि वस्तू माझ्यापासून वीतभर लांब सरकवली. कन्येने खुलासा केला. तिच्याजवळ ग्रीन कार्ड आहे, तिला घेता येतं. पर्यटक व्हिसावरच्या माणसाला शिकारीचा परवाना वगैरे असल्याखेरीज बंदूक जवळ बाळगायची तिथल्या केंद्र सरकारची मनाई आहे, आणि आजोबा हातातसुद्धा द्यायला तयार नव्हते. मी आयुष्यात ढेकूण सोडून कशाची शिकार केलेली नाही, त्यामुळे परवाना असण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे बघा. ज्या माणसाने हात लावल्याशिवाय कधी चमचासुद्धा घेतला नाही, त्याने पोरीच्या जिवावर बेतणारी वस्तू लांबून पारखायची! मी पाठीमागे हात बांधून उभा राहिलो. ज्यांना फक्त दर्शन मिळतं, पायाला हात लावता येत नाही, अशा देवळातल्या भाविकासारखा.

"अगं, जरा वाजवून बघ," मी कन्येला म्हणालो.

"बाबा, रिव्हॉल्व्हर वाजवून नाही बघत."

"तू बघ तर."

तिने लाजत नखाने टक्‌ केलं. आजोबांनी विचारलं, काय म्हणतायत? कन्येने भाषांतर केलं. मला वाटलं आता हसतील. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. पण आवाज दुसरीकडे ऐकायचा असतो."

आणि मग त्यांनी आतल्या खोलीतून एक लाकडी पेटी आणली. पेटीत जुनं, काळसर निळ्या झिलईचं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९ होतं. डर्टी हॅरीचं तेच. असा सुंदर लोखंडी जिन्नस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. पैठणीच्या पदरासारखी ती निळाई उजेडात हलत होती. आजोबांनी ते कन्येच्या कानाशी धरलं, मला काउंटरवर वाकायला सांगितलं आणि अगदी सावकाश, केसाकेसाने घोडा मागे ओढला. घोडा पुरता मागे टेकायच्या आधी एक बारीक 'टक्‌' झालं.

"ही खिट्टी," आजोबा म्हणाले. "सिलिंडर नळीच्या बरोबर समोर येऊन जाम झाला. हा आवाज घोड्याच्या आधी यायला हवा. नंतर आला, किंवा आलाच नाही, तर वस्तू झिजली. सहाही घरांना सहा वेळा ऐकायचं."

सहा वेळा ऐकलं. पाचव्या घराला आवाज आलाच नाही. घोडा मागे टेकला तरी सिलिंडर केसभर अलीकडेच राहिला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! उभ्या जन्माची टिचक्या मारायची विद्या पॅसिफिकच्या पलीकडे कोणीतरी शास्त्र म्हणून सांगत होतं.

पुढचा पाऊण तास आम्ही दोघांनी त्या जुन्या रिव्हॉल्व्हरची अशी तपासणी केली, की जणू सेकंडहँड स्कूटर घेतोय. आजोबांनी सिलिंडर पुढेमागे हलवून दाखवला; जास्त हलला तर चिंता. मग सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीत पातळ पत्ती घातली, स्कूटरच्या प्लगची गॅप बघायला मेकॅनिक घालतो तीच. इंचाचे सहा-सात हजारांश फट असावी. फार कमी असली तर मळ धरून अडकतं, फार जास्त असली तर तिथून गरम वायू आणि शिशाचे कण उडतात. त्या फटीशेजारी बोट कधीही धरू नये, हे त्यांनी कन्येला तीनदा सांगितलं. मी चौथ्यांदा सांगितलं. शेवटी नळीच्या मागच्या तोंडात बॅटरी मारून तडा आहे का ते पाहिलं. गोळी सिलिंडरातून उडी मारून जिथे शिरते ती ही जागा. सगळा मार तिथे बसतो.

"मग हे घ्यावं का?" मी विचारलं. पाचव्या घराचं काय, दुरुस्त होईल. माझं मन त्या निळाईत अडकलं होतं.

"नाही," आजोबा म्हणाले. दुकानदाराने 'नाही' म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. "हे कपाटात ठेवून बघायचं. ही मुलगी पावसात, खाऱ्या वाऱ्यात, चिखलात जाणार. महिन्यात तांबूस होईल. तिला स्टेनलेस द्या."

तुळशीबागेतली पितळेची भांडी मागे पडून स्टीलची का आली हे मला ठाऊक होतं. मी मुकाट्याने निळाईचा नाद सोडला.

एवढ्यात मागे बघतो तो ही खुर्चीवर नव्हती. दाराशी त्या पेंढा भरलेल्या अस्वलापाशी जाऊन उभी होती. मुंबईच्या जत्रेत माणसं पुतळ्याजवळ उभी राहतात तशी नव्हे. अगदी जवळ, त्याच्याकडे तोंड करून. तिचं डोकं त्याच्या कमरेच्या जरासं वर येत होतं. त्याच्या पंजाची नखं माझ्या बोटांएवढी होती. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग काउंटरपाशी आली आणि आजोबांना थेट मराठीत विचारलं,

"एकदाच वेळ आली, आणि त्या एकदाच चाललं नाही, तर?"

कन्येला भाषांतर करायला जरा वेळ लागला. आजोबांनी चष्मा काढून पुसला.

आम्ही वस्तू घेतो ती रोज वापरायला. कुकरच्या हजार शिट्ट्या झाल्या म्हणजे तो टिकाऊ. इथे सगळाच हिशेब उलटा होता. दहा वर्षं कातड्याच्या म्यानात भिजत पडून राहायचं, काही करायचं नाही, आणि मग एका दुपारी दोन सेकंदांत पहिल्या हाकेला ओ द्यायची. असली वस्तू मी कधीच घेतली नव्हती. वाजवून काय बघणार?

आजोबांनी हिला उत्तर दिलं ते खोटं गोड नव्हतं. म्हणाले, रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही. एखादं काडतूस नाही पेटलं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. हा मोठा फायदा. पण रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी जी चांदणी असते तिच्याखाली दारूची राख गेली, की सिलिंडर मिटता मिटत नाही. म्हणून तोंड वर करून रिकामं करायचं, आणि चांदणीखाली जुन्या टूथब्रशने झाडायचं. टूथब्रश हा शब्द हिला भाषांतराशिवाय कळला. तिचा चेहरा जरा निवळला. जी वस्तू जुन्या टूथब्रशने साफ होते, ती अगदीच परकी नसते.

मग दुकानामागच्या चांदमारीच्या खोलीत गेलो. कानावर झाकणं, डोळ्यांवर चष्मे. मी रेघेच्या मागे. प्रथम एक अगदी हलकं रिव्हॉल्व्हर आणलं, सातशे ग्रॅमच्या आसपास. छातीवर बांधून दिवसभर चालायचं तर हलकंच बरं, असं कन्येचं म्हणणं. हलकी वस्तू म्हटली की माझ्या कपाळाला आठी पडतेच, पण मी बोललो नाही. तिने साधं काडतूस उडवलं, ठीक. मग मॅग्नम. आवाज छातीत बसला. नळी छताकडे गेली. कन्येने रिव्हॉल्व्हर अलगद फळीवर ठेवलं आणि स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. पाटीवर पहिला 'ग' काढून झाल्यावर तिने असाच तळहात बघितला होता. मी पुढे पाऊल टाकलं, तर आजोबांनी रेघेकडे बोट दाखवलं.

तिने दात आवळून आणखी चार उडवल्या. आजोबांनी सिलिंडर उघडून उरलेलं सहावं काडतूस काढलं आणि न उडवलेल्या दुसऱ्या काडतुसाशेजारी उभं केलं. त्याची गोळी नळीतून किंचित पुढे सरकली होती. वस्तू हलकी, त्यामुळे झटका मोठा. दर झटक्याला उरलेल्या गोळ्या काडतुसातून थोड्या थोड्या उपटतात. जास्त उपटली की सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. अगदी तेव्हाच, जेव्हा थांबायला नको.

"वजन," मी म्हणालो.

"वजन," आजोबाही म्हणाले. या एका मुद्द्यावर पूर्व आणि पश्चिम यांचं मिलन झालं.

शेवटी ठरलं ते रुगर कंपनीचं रेडहॉक. स्टेनलेस, सव्वाचार इंचाची नळी, रिकामं वजन सव्वा किलोच्या वर. १९७९ पासून निघतंय. घोड्याला आणि चापाला मिळून एकच स्प्रिंग. जितके भाग कमी तितका मेकॅनिक कमी. सिलिंडर तीन ठिकाणी अडकतो. मी मनात म्हटलं कडी, कोयंडा आणि अडसर. त्याचा सांगाडा मेणाचा साचा करून ओततात, असं आजोबा म्हणाले. त्यावर मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे नटराजाच्या मूर्ती असंच मेण वितळवून ओतल्या.

"टिकल्या का?"

"हजार वर्षं."

हे उत्तर त्यांनी कागदावर लिहून घेतलं. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगणार असावेत.

कन्येने पाच उडवल्या. हात उचलला जात होता, पण परत खाली येत होता. पाचातल्या चार गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात. पाचवी कुठे गेली हे आम्ही कोणी विचारलं नाही.

गॅरंटी कार्डाची मी चौकशी केली. पुस्तिकेत कार्डाऐवजी 'कार्ड का घातलेलं नाही' याचा खुलासा छापला होता. १९७५ च्या कुठल्याशा गॅरंटीच्या कायद्याचा हवाला होता. कायद्याचं नाव मॅग्नुसन, हा शुद्ध योगायोग. मी दाराकडे दोन पावलं चालायच्या बेतात होतो. पण आजोबांनी सांगितलं, की १९७३ च्या आधीची या कंपनीची जुन्या धाटणीची रिव्हॉल्व्हरं घोड्यावर आघात झाला तर उडायची भीती असे, म्हणून लोक सहाऐवजी पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. पुढे कंपनीने आत एक दांडी घालून तो दोष काढला, आणि ती जुनी रिव्हॉल्व्हरं आजही कोणी पाठवली तर फुकट बदलून देते. पन्नास वर्षांपूर्वी विकलेला माल फुकट दुरुस्त! मी चालायचा विचार सोडला. किंमत हजार डॉलरच्या वर. मी मनात ८३ ने गुणलं आणि लगेच पाटी पुसली. 'काही कमी-जास्त?' हा प्रश्न कन्येने भाषांतर करायला नकार दिला.

तिने सरकारी फॉर्म भरला, आजोबांनी तिची माहिती पडताळणीला पाठवली, आणि आमच्याकडे रेशनकार्डावर नाव चढवायला लागतो त्याच्या शतांश वेळात होकार आला. एवढं सोपं असावं का, या प्रश्नाने मी आणि आमच्या सोसायटीतल्या मंडळींनी पुढे दोन गच्चीसभा गाजवल्या. इथे तो नको.

मधल्या काळात हिने स्वतंत्र खरेदी केली होती. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला फवाऱ्याचे डबे होते. तिने डब्यावरचं लेबल कन्येकडून वाचून घेतलं आणि तिचे डोळे चमकले.

"म्हणजे मिरचीच ना ही?"

मिरचीच. कॅप्सेसिन. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या प्रसंगांचा २००८ साली अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तपकिरी अस्वलांवर हा फवारा शंभरातल्या ब्याण्णव वेळा लागू पडला होता. फवारा जेमतेम नऊ-दहा मीटर जातो, वारा उलटा असला तर आपल्याच डोळ्यांत येतो, आणि तीन-चार वर्षांत डब्याची तारीख उलटते. म्हणजे माझ्या व्याख्येप्रमाणे टिकाऊ मुळीच नव्हे. पण नेम धरावा लागत नाही. गेली चाळीस वर्षं फोडणीत मिरची पडली की मी स्वयंपाकघरातून पळतो, हा पुरावा हिला पुरेसा होता. तिने दोन डबे घेतले. मी वस्तू वाजवल्याशिवाय घेत नाही, तिने डबा कानाशी धरून हलवला आणि मान डोलावली.

आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याला परतलो. त्याआधी जुलैत एका रविवारी कन्येचा नदीवरून, उपग्रहाच्या फोनवर फोन आला. झुडपातून जाताना मोठ्याने बोलत जायचं असतं, म्हणजे अस्वलाला चाहूल लागते. तिथली माणसं 'हे बेअर, हे बेअर' म्हणतात. हिने तिला रामरक्षा सुचवली होती. पण कन्येला सतरापर्यंतचे पाढे पाठ, म्हणून ती पाढे म्हणत चालली होती. तेरी साती एक्क्याण्णवला समोर अस्वल उभं. पन्नास पावलांवर. तिने डबा हातात घेतला, पिन काढली आणि मागे मागे सरकत तेराचा पाढा पुरा केला. अस्वलाने ऐकून घेतला आणि नदीकडे निघून गेलं. रिव्हॉल्व्हर म्यानातून निघालंच नाही.

"चांदणीखाली ब्रश फिरवतेस ना?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही. फोन ठेवल्यावर ही बराच वेळ काही न बोलता फोनपाशीच बसून राहिली. मी उगाचच स्वयंपाकघरात जाऊन कुकर धुतला.

बारा ऑक्टोबरला दसरा होता. आमची सकाळ, तिची आदल्या दिवशीची संध्याकाळ. व्हिडिओवर तिने पाट दाखवला. लॅपटॉप, मासे मोजायचं हातातलं यंत्र, स्क्रू-ड्रायव्हर, आणि मधोमध रेडहॉक. आपट्याचं पान तिकडे कुठलं. सप्टेंबरात जपून ठेवलेली बर्चची पिवळी पानं होती. आमच्या घराण्याच्या पाटावर खरंखुरं शस्त्र पहिल्यांदाच आलं होतं. मला भरून आल्यासारखं झालं आणि लगेच घाबरल्यासारखंही.

"आधी रिकामं केलंस का?"

"केलं, बाबा."

"सहाही? मोज. परत मोज. तोंड भिंतीकडे कर."

तिने सिलिंडर उघडून एकेक घर कॅमेऱ्यासमोर धरलं. मी सहा घरं मोजली. मग हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"ते राहू दे," ती कन्येला म्हणाली. "मिरचीच्या डब्याला कुंकू लावलंस का?"